गाठ साधी की लिम्फोमाची?

प्रश्न : मानेतील गाठीच्या बायोप्सीनंतर पुन्हा प्रथिनांची तपासणी सांगितली आहे. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतच असताना तिची गरज काय?

उत्तर : संसर्गामुळे सुजलेल्या लसिका ग्रंथीतील बी-पेशींचे (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचे) गोलाकार पुंजके आणि फॉलिक्युलर लिम्फोमा या बी-पेशींच्या कर्करोगातील पुंजके कधी कधी इतके सारखे दिसतात, की केवळ आकारावरून निदान करताना अनुभवी डोळाही फसू शकतो. अशा वेळी बीसीएल-२ हे पेशीला मरणापासून वाचवणारे प्रथिन उपयोगी पडते. निरोगी पुंजक्याच्या केंद्रातील निकामी बी-पेशी मरणेच अपेक्षित असल्याने तेथे ते जवळजवळ नसते. लिम्फोमात मात्र १४ आणि १८ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्यामुळे ते बहुधा भरपूर तयार होते. (हेच प्रथिन टी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या निरोगी पांढऱ्या पेशींतही असते, म्हणून टी-पेशींची खूण असलेले सीडी-३, बी-पेशींची खूण असलेले सीडी-२० आणि पुंजक्याच्या केंद्रातील बी-पेशींची खूण असलेले सीडी-१० या प्रथिनांच्या चाचण्या सोबत वाचाव्या लागतात.) काही फॉलिक्युलर लिम्फोमांत बीसीएल-२ आढळत नाही; त्यामुळे ते नसल्याचा अहवाल आला म्हणून लगेच निर्धास्त होणे मला योग्य वाटत नाही. तेव्हा बी-पेशींवरील प्रतिपिंडाच्या कॅप्पा आणि लॅम्डा या साखळ्या पाहतात; एका पेशीवर सहसा यांपैकी एकच असते : साध्या सुजेत दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात, तर लिम्फोमात सहसा एकाच प्रकारच्या पेशींचा भरणा असतो.