इलेक्ट्रिक गाडीची छोटी 12 व्होल्टची बॅटरी घरी बदलता येते का? शॉक बसेल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी गुहागरला घरी पावसाळ्याचे दोन महिने झाकून उभी होती, मुंबईला जाताना मोठी बॅटरी 70 टक्के होती, आणि आता गणपतीला आलात तर रिमोट चालत नाही, स्क्रीन काळी. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात टो करून आणा.

टो करायची घाई करू नका. मी मालवणजवळ राहतो आणि ही बॅटरी अंगणात दोनदा बदलली आहे. एकदा नीट, एकदा फजिती करून.

आधी हे झालं कसं ते बघू. मोठी बॅटरी बहुतेक गाड्यांत 300 व्होल्टच्या वरची असते, पण गाडी बंद केली की कॉन्टॅक्टर (तिला गाडीशी जोडणारे मोठे विजेचे स्विच) सुटतात आणि तिचा बाकीच्या गाडीशी संबंध तुटतो. तो परत जोडायचं काम, शिवाय कुलूप, दिवे, स्क्रीन, सगळे कंट्रोलर, हे सारं छोट्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. म्हणजे कणगी भाताने भरलेली, पण खोलीची किल्लीच हरवलेली. पेट्रोल गाडीत छोटी बॅटरी अल्टरनेटर भरतो, इथे ते काम डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीचा दाब उतरवून छोटीला देणारं यंत्र) करतो आणि तेही मुख्यतः गाडी चालू असताना किंवा चार्जिंगला असताना. काही गाड्या उभ्या असतानाही अधूनमधून छोटी बॅटरी भरून घेतात, सगळ्या नाही. रिमोटचा रिसीव्हर आणि सिमकार्डवालं यंत्र मात्र दिवसरात्र थोडं थोडं खात असतं. मुंबईत बसून ॲपवर चार्ज किती आहे ते रोज बघत होतात ना? दर वेळी गाडी झोपेतून उठवत होतात.

रिमोटच्या आत किल्लीचं लोखंडी पातं असतं. त्याने ड्रायव्हरचं दार उघडा आणि आतली दांडी ओढून बॉनेट उघडा. बहुतेक गाड्यांत बॅटरी तिथेच असते, काहींत डिकीत. मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) लावा. 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, 11.8 च्या खाली म्हणजे रिकामी. आकडा चांगला असून गाडी मेलेली असेल तर टर्मिनल बघा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तिथे पांढरं-हिरवं फुलतं आणि करंट अडतो. एका वर्षी मी नवी बॅटरी आणायला निघालो होतो, पण दोष निघाला फक्त या फुलोऱ्याचा. वायर सोडवून खायचा सोडा घातलेलं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश फिरवा, कोरडं करून पुन्हा जोडा, वर पेट्रोलियम जेली लावा. रिकामी असेल तर 12 व्होल्टच्या चार्जरवर रात्रभर ठेवून बघा. पण लेड-ॲसिड बॅटरी महिनाभर रिकामी पडली की आत सल्फेट धरतं, मग ती सहसा उठत नाही.

नवी घेताना जुनीचा फोटो दुकानात दाखवा. माप, अँपिअर-अवर, प्लस कुठल्या बाजूला, आणि प्रकार, सगळं तेच हवं. एजीएम (लेड-ॲसिडचाच एक बंदिस्त प्रकार) असेल तर एजीएमच. तुमच्या गाडीत छोटी बॅटरीही लिथियमची असेल, किंवा नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने करावी लागत असेल, तर हा उद्योग घरी करू नका. वॉरंटीचा कागदही आधी वाचा, कदाचित फुकट मिळेल.

आता बदलणं. गाडी बंद, चार्जिंगची वायर काढलेली, दहा-पंधरा मिनिटं शांत ठेवलेली. हातातलं कडं, अंगठी काढा, कारण पाना प्लसवर आणि कडं पत्र्याला टेकलं तर ठिणगी उडून हात भाजतो. 12 व्होल्टचा शॉक बसत नाही, भीती या शॉर्टची आहे. नारिंगी वायरी मोठ्या बॅटरीच्या, त्यांना हात नाही म्हणजे नाही. सोडताना आधी मायनस, मग प्लस. जोडताना आधी प्लस, मग मायनस. बहुतेक ठिकाणी 10 नंबरचा पाना लागतो. मायनसवर छोटा सेन्सर बसवलेला असेल तर तिथे ठोकाठोक नको. आणि उचलताना कंबर सांभाळा, दगडासारखी जड असते.

माझी फजिती शेवटच्या वायरीला झाली. पाऊस आला म्हणून दारं लावून घेतली होती, किल्ली सीटवर. मायनस जोडला आणि टक्‌ करून चारही दारं लॉक! पातंसुद्धा किल्लीसोबत आत. दुसरी किल्ली ठाण्याला मुलाकडे. ती दुसऱ्या दिवशी मांडवी एक्स्प्रेसने एका ओळखीच्या माणसाबरोबर कुडाळला आली, तोवर अख्ख्या वाडीने येऊन बघून घेतलं. तेव्हा किल्ली खिशात आणि एक काच खाली, मग काय ते करा.

जोडल्यावर डॅशबोर्डवर दोन-चार इशारे दिसतील, थोडं चालवल्यावर सहसा जातात. गाडी चालू करून पुन्हा मीटर लावा. साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास दिसलं तर कन्व्हर्टर भरतोय. साडेबाराच राहिलं तर दोष बॅटरीचा नाही, मग मात्र टो.

जुनी भंगारवाल्याला देऊ नका, आत शिसं आणि ॲसिड आहे. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत घ्यायची सोय कंपन्यांनी करायची असते, आणि दुकानदार तिचे पैसे नव्यात वळतेही करतो. आणखी एक: गणपतीत भावकीतल्या कुणाची डिझेल गाडी अडली तर तुमच्या गाडीच्या बॅटरीला वायरी लावून ती चालू करून (जंप) देऊ नका. तुमच्या गाडीला उठायला थोडासा करंट पुरतो, त्यांचा स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो. कन्व्हर्टर गेला तर खर्च रडवेल.

आधी मीटर लावून किती व्होल्ट दाखवतो ते इथे लिहा, मग नवी घ्यायची की नाही ते सांगतो.