वडिलांना सांगायचं की नाही?

प्रश्न : वडिलांचा कर्करोग पसरला आहे. त्यांना काही कळू देऊ नका, असं आम्ही डॉक्टरांना बजावलं. ते म्हणतात, 'त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.' हा हट्ट नाही का?

नाही. पण खोलीत शिरल्या शिरल्या सगळं सांगून मोकळं व्हावं, असंही नाही. आधी विचारायचं असतं, 'आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतंय?' मग, 'सगळं स्वतः ऐकायचंय, की मुलांशी बोलू?' वडील 'मुलांशी बोला' म्हणाले, तर तोही त्यांचाच निर्णय. तुम्ही मात्र तो परस्पर घेऊन टाकलात. वाईट बातमी सांगण्याची 'स्पाइक्स' नावाची सहा पायऱ्यांची पद्धत २००० साली मांडली गेली. तिच्यात प्रत्यक्ष माहिती देणं थेट चौथ्या पायरीवर येतं. आधीच्या तीन तयारी आणि विचारपूस यांत जातात.

शिवाय त्यांना अंदाज आला नसेल, असं समजू नका. वजन उतरतंय, दाराबाहेर कुजबुज चालते आणि आत येताना सगळ्यांचे चेहरे एकदम हसरे. बहुतेक रुग्ण हे ओळखतात, आणि मग तुम्हाला त्रास नको म्हणून तेही नाटकात सामील होतात. पैशांचे व्यवहार, राहून गेलेलं बोलणं, कुणाला तरी भेटायचं असणं, सगळं मनातच राहतं.

प्रश्न : 'किती दिवस?' असं विचारलं की डॉक्टर उडवाउडवी का करतात?

काही जण खरंच टाळतात. पण नेमका आकडा कुणालाच सांगता येत नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात शेवटच्या टप्प्यातल्या ४६८ रुग्णांबद्दलचे डॉक्टरांचे अंदाज तपासले गेले. २००० साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार जेमतेम २० टक्के अंदाज बरोबर होते. ६३ टक्के वेळा डॉक्टरांनी जास्तच आयुष्य धरलं होतं. म्हणून विचारा, 'दिवसांची गोष्ट आहे, आठवड्यांची की महिन्यांची?' त्याहून बरं म्हणजे, 'बहीण चार महिन्यांनी येणार आहे, आत्ताच बोलावू का?' अशा प्रश्नावर डॉक्टरही आडवळण सोडतात.

प्रश्न : पॅलिएटिव्ह केअर सुचवली, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले ना?

नाही. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे वेदना, धाप असा त्रास कमी करणारी देखभाल, आणि ती आजारावरच्या उपचारांच्या जोडीनेही चालते. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या रुग्णांवरच्या २०१० सालच्या एका अभ्यासात ती सुरुवातीपासून मिळालेल्यांचं जगणं अधिक सुसह्य होतं, आणि ते सरासरी अडीचेक महिने जास्तही जगले.

प्रश्न : मी निवासी डॉक्टर आहे. व्हेंटिलेटरचं विचारलं की नातेवाईक 'सगळं करा' म्हणतात. काय करावं?

'सगळं करायचं ना?' या प्रश्नाला 'नको' म्हणणारा मुलगा मी अजून पाहिलेला नाही. हॉटेलातल्या मेन्यूसारखी उपचारांची यादी पुढे करू नका. रुग्णाला बोलता येत असेल तर त्यांनाच विचारा : सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? काय करता येईनासं झालं तर जगणं नको वाटेल? मग स्वतःचा सल्ला द्या. 'छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, असं माझं मत आहे. धाप आणि वेदना कमी करायची औषधं चालूच राहतील.' समोरचा रडू लागला तर गप्प बसा; त्या क्षणी टक्केवारी कुणाच्या डोक्यात शिरत नाही. आणि जे ठरलं ते केसपेपरवर त्याच दिवशी लिहा. नाहीतर रात्रपाळीचा डॉक्टर पहाटे तीनला येऊन पुन्हा तेच विचारतो, 'सगळं करायचं ना?'