क्लिनिकमधल्या सिस्टरांनी बाबांच्या ॲसिट्रॉमचा डोस कमी केला, मला पटत नाही. जुनाच डोस देत राहू का?

तुमचा तपशील मी आधी वहीत उतरवून घेतला, सवयच आहे तशी. बाबा ६८ वर्षांचे, राहायला ऐरोली, हृदयाचे ठोके अनियमित म्हणून दोन वर्षं रोज ॲसिट्रॉम, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, ३ मिलीग्राम. आतापर्यंत आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा, जितका मोठा तितकं रक्त पातळ) २.३ ते २.८ मध्ये फिरत होता, परवा ३.३ आला. सिस्टरांनी फोनवर सांगितलं की दोन दिवस गोळी बंद आणि मग रोज २. तुम्हाला हे फार वाटतंय आणि तुम्ही विचारताय की कुणाला न सांगता ३ चीच देत राहू का.

न सांगता नाही. शंका मात्र रास्त आहे, ती आजच विचारा.

मी डॉक्टर नाही. ठाण्यात एका पतपेढीत खाती सांभाळते. लहानपणी मुरबाडला असताना सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची मायट्रल झडप खराब झाली. २०१२ मध्ये ती काढून धातूची बसवली. रात्री पंखा बंद असला की तिची टिकटिक मला ऐकू येते. तेव्हापासून ही गोळी रोज आहे, आणि एवढ्या वर्षांत सिस्टरांशी दोनदा नीट वाजलंय. एकदा माझं बरोबर होतं, एकदा त्यांचं.

पहिली वेळ. नौपाड्यातलं क्लिनिक, जुलै महिना, बाकावर सगळ्यांच्या छत्र्या ठिबकतायत. माझी फाईल वर्षानुवर्षं बघणाऱ्या सिस्टर सोडून गेल्या होत्या आणि नवीन आलेल्या. माझा आयएनआर ३.४. त्यांनी लाल पेनाने आकड्याभोवती गोल केला, "हाय आहे. आजपासून रोज २."

मी म्हटलं, "सिस्टर, सोमवार-बुधवार-शुक्रवार ३ चालू आहे आणि बाकी चार दिवस २. आठवड्याला १७ मिलीग्राम होतात. तुम्ही एकदम १४ वर आणताय."

"ताई, तुम्ही डॉक्टर आहात का?"

बाकावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी आपण दोनपैकी एक करतो, गप बसतो नाहीतर आवाज चढवतो. त्याआधीच्या वर्षी मी गप बसले होते. असाच डोस कमी झाला, आयएनआर १.८ वर आला, आणि धातूच्या झडपेवर गुठळी धरायला नको म्हणून पाच दिवस पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली. ते काळेनिळे डाग आठवले म्हणून या वेळी तोंड उघडलं. "डॉक्टर नाहीये. पण माझी रेंज फाईलवर काय लिहिलीय, तेवढं वाचून दाखवता का?"

त्यांच्या मागे भिंतीवर तक्ता होता, २ ते ३. त्या तोच बघून सांगत होत्या. फाईलचं पहिलं पान इको रिपोर्टखाली स्टेपल झालं होतं. त्यांनी ते उचकटून काढलं. एमव्हीआर, म्हणजे मायट्रल झडप बदललेली, आणि पुढे डॉक्टरांच्या अक्षरात २.५ ते ३.५. मायट्रलच्या जागी धातूची झडप असली की गुठळीचा धोका जास्त, म्हणून रेंज वरची ठेवतात. ३.४ म्हणजे माझं जागच्या जागी होतं. सिस्टर काही बोलल्या नाहीत. रोज २ वर काट मारली, "डोस तोच" लिहिलं आणि आत जाऊन डॉक्टरांची सही घेऊन आल्या. टेबलावर चाळीसेक फाईली होत्या, चूक होणारच. पुढे महिनाभर मात्र माझं नाव जरा ठसक्यात पुकारलं जायचं.

आता तुमच्या बाबांकडे येऊ. फक्त ठोके अनियमित असतील आणि धातूची झडप वगैरे नसेल, तर त्यांची रेंज बहुतेक २ ते ३ असेल. म्हणजे ३.३ थोडा जास्त आहेच. सिस्टर चुकीचं वाचत नाहीयेत. प्रश्न फक्त किती कमी करायचं याचा आहे. रोजच्या मिलीग्राममध्ये विचार केला की ३ चं २ लहान वाटतं. आठवड्याचा हिशेब मांडा, २१ वरून १४, एक तृतीयांश गेला. वर पहिले दोन दिवस शून्य. अशा वेळी डॉक्टर साधारणपणे आठवड्याच्या बेरजेत ५ ते २० टक्के इकडेतिकडे करतात. उदाहरणार्थ आठवड्यातून दोन दिवस २ आणि बाकी दिवस ३ दिली तर बेरीज १९ होते, साधारण दहा टक्के कमी. आणि बरेच महिने स्थिर असलेल्या पेशंटचा एखादाच आकडा रेंजच्या बाहेर ०.५ पर्यंत गेला, तर डोस न बदलता एक-दोन आठवड्यांत पुन्हा तपासा, असं अमेरिकेतल्या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलंय. तुमच्या बाबांना हे लागू आहे की नाही ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं. आधी पोटातून रक्त गेलं असेल, किडनी कमजोर असेल, सोबत ॲस्पिरिन चालू असेल, तर तेच डॉक्टर जास्त सावध राहतील.

अजून एक गोष्ट फोनवर सहसा कुणी सांगत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्यांचे बरेच तक्ते वॉर्फरिनवर बेतलेले असतात. (हे मूळचं उंदीर मारायचं औषध. १९४८ साली त्यासाठीच बाजारात आलं, माणसांसाठी १९५४ पासून. माझ्या नणंदेला हे कुठूनतरी कळलं तेव्हापासून ती माझ्या डब्याला उंदराचा डबा म्हणते.) आपल्याकडे चालणारी ॲसिट्रॉम त्याच घराण्यातली, पण वेगळी. वॉर्फरिन शरीरात निम्मं व्हायला दीड-पावणेदोन दिवस लागतात, ॲसिट्रॉमला आठ ते अकरा तास. त्यामुळे ॲसिट्रॉमचे सलग दोन दिवस गाळले की आयएनआर वॉर्फरिनपेक्षा लवकर खाली येतो. ३.३ साठी दोन दिवस बंद म्हणूनच मलाही खटकलं.

मग न सांगता ३ देत राहायला काय हरकत? हरकत नोंदीची आहे. सिस्टरांच्या फाईलवर २ लिहिलंय. तुम्ही घरी ३ देताय. पुढच्या आठवड्यात आयएनआर समजा ३.२ आला. फाईल काय सांगणार? २ वर आणूनही हाय आहे. मग त्या १ वर आणणार. किंवा उलट, बाबांना काही झालं, घाईत दुसऱ्या हॉस्पिटलात न्यावं लागलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी फाईलवरच्या २ वर विश्वास ठेवला. पतपेढीत आम्ही चुकलेली नोंद शोधून काढतो, ती निदान असते तरी. कुठे लिहिलीच नाही ती नोंद कोण शोधणार?

आता माझी दुसरी वेळ, म्हणजे जिथे मी तोंडावर आपटले.

गणपतीत पोट बिघडलं. सोसायटीतल्या डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल दिलं, पाच दिवस घेतलं. ठरलेल्या दिवशी रक्त दिलं आणि संध्याकाळी त्याच सिस्टरांचा फोन. "आयएनआर ६.१. आजची गोळी घेऊ नका."

मला वाटलं मागच्याचा राग काढतायत. म्हटलं, "लॅबचं काहीतरी चुकलं असेल. मला काहीही होत नाहीये."

"दात घासताना रक्त येतंय का?"

"ब्रश नवीन आहे, कडक आहे."

"ताई, बेसिनमध्ये काय दिसतं ते विचारतेय. ब्रश सोडा."

दोन दिवस बेसिनमध्ये गुलाबी दिसत होतं. ब्रशवर ढकलून मी विसरून गेले होते. मग त्यांनी विचारलं, नवीन कुठली गोळी चालू झाली का? मी पोटाच्या गोळीचं नाव सांगितलं आणि पलीकडून एक उसासा ऐकू आला. मेट्रोनिडाझोलने ॲसिट्रॉम शरीरात साठते आणि आयएनआर झपाट्याने चढतो. सोसायटीतल्या डॉक्टरांना मी हृदयाचं काय घेते ते सांगितलंच नव्हतं, पोट दुखतंय एवढंच सांगितलं. आमच्या डॉक्टरांनी दोन दिवस गोळी थांबवली, तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतलं. तिथे गोळी गाळणं बरोबर होतं, धातूची झडप असूनसुद्धा. ६.१ आणि ३.३ मधला हा फरक.

म्हणून सिस्टरांना फोन लावायच्या आधी स्वतःला विचारा की गेल्या दोन आठवड्यांत बाबांचं काय बदललं. अँटिबायोटिक, बुरशीची फ्लुकोनाझोल, सर्दी-तापात रोज चार-चार पॅरासिटामॉल, कुणी दिलेलं काढ्याचं पाकीट, जेवण कमी होणं, जुलाब, दारू. यातलं एक जरी निघालं तर ३.३ चं कारण सापडलं, आणि ते कारण संपलं की आकडा आपोआप उतरेल. तेव्हा कायमचा डोस कमी केलेला असला तर पंधरा दिवसांनी बाबा रेंजच्या खाली जातील. गुडघेदुखीसाठी केमिस्टकडून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक असली तर आधी ती बंद करा. तिने आयएनआर वाढो न वाढो, पोटातून रक्तस्राव व्हायची भीती असते.

पालेभाज्यांचं थोडक्यात. त्या बंद करायच्या नाहीत, प्रमाण सारखं ठेवायचं. मी एका पावसाळ्यात स्टेशनबाहेर बसणाऱ्या बायकांकडून टाकळा, कुर्डू, अळू असं रोज काहीतरी आणत होते, आणि आयएनआर खाली आला. बाबांच्या ताटातली पालेभाजी अलीकडे बंद झाली असेल तर उलटं होऊन वर जाईल. तेही विचारा.

रक्त नेहमीच्याच लॅबला दिलं होतं का? बोटाच्या टोकावर टोचून मशीनवर बघितलेला आकडा आणि शिरेतल्या रक्ताचा लॅबमधला आकडा यांत थोडाफार फरक पडू शकतो. ०.३ साठी डोस एक तृतीयांश हलवायचा तर एवढं विचारणं चुकीचं नाही.

आता फोन. मी असं बोलेन, हवं तर लिहून घ्या: "सिस्टर, बाबांच्या फाईलवर रेंज काय लिहिलीय? दोन वर्षं २.३ ते २.८ होता, ३.३ एकदाच आलाय. आठवड्याचा डोस २१ वरून १४ होतोय, म्हणजे एक तृतीयांश. एवढं कमी करायचं हे डॉक्टरांनी सांगितलंय का? नसेल तर आज त्यांना विचारून कळवाल का? आणि पुन्हा रक्त कधी द्यायचं?" शेवटचं वाक्य सोडू नका. डोस बदलून महिनाभराने तपासायला सांगत असतील तर तिथेही हटकून विचारा. "तुम्ही चुकताय" हे वाक्य माझ्या अनुभवात फोन लवकर ठेवायला लावतं. डॉक्टर म्हणाले की हो, २ च द्या, तर २ द्या. कारण विचारा, वहीत लिहा, आणि सांगितलं तेच द्या. सिस्टर डॉक्टरांपर्यंत पोचूच देत नसतील तर फाईल घेऊन स्वतः जा. ऐरोलीहून ठाणं गाडीने दहा मिनिटांवर आहे, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणंही अवघड नाही.

एकदा कार्डिओलॉजिस्टना हेही विचारा की बाबांना वारंवार आयएनआर न लागणारी नवी गोळी चालेल का. झडपेचा आजार नसलेल्या ठोक्यांच्या पेशंटना ती बरेचदा देतात. धातूच्या झडपेवाल्यांना नाही, त्यामुळे मला त्यातलं स्वतःचं काही सांगता येणार नाही.

आणि बाबांची शी डांबरासारखी काळी झाली, लघवी लाल झाली, डोक्याला मार बसला, एकाएकी डोकं फार दुखायला लागलं किंवा एक बाजू लुळी पडली, बोलणं अडखळलं, तर हा फोन वगैरे राहू द्या, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य "हे ॲसिट्रॉमवर आहेत" हे असू द्या.

बाबांची गोळी रात्री नऊला असेल ना? बहुतेकांना संध्याकाळची किंवा रात्रीचीच वेळ देतात, ती याचसाठी, की दिवसा रिपोर्ट आला तर त्याच दिवशीचा डोस बदलता यावा. तेव्हा क्लिनिक बंद व्हायच्या आत, सात वाजेपर्यंत फोन करा.