वाचकांचे प्रश्न: जपानचं ते लाल फूल अपशकुनी का?

प्रश्न: मी आणि लेक दोघीही अ‍ॅनिमे बघतो. कोणी मरणार असलं की हमखास तीच लालभडक, लांब तंतूंची फुलं दाखवतात. जपानी लोक खरंच त्याला घाबरतात का? लेकीने त्याचं मस्त चित्र काढलंय आणि माझ्या ऑफिसातल्या जपानी मॅडमना द्यायचं म्हणतेय, चालेल का?

उत्तर: ते हिगानबाना, म्हणजे रेड स्पायडर लिली. आधी वेळ बघा, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. २२-२३ सप्टेंबरच्या आसपास दिवस-रात्र सारखे होतात, त्याच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन असे धरून सात दिवस जपानमध्ये हिगान पाळतात, घरचे सगळे पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, झाडलोट करतात, फुलं-उदबत्ती वाहतात, थोडक्यात आपल्या पितृपक्षासारखंच. हिगान म्हणजे पैलतीर. सूर्य त्या दिवशी बरोब्बर पश्चिमेला मावळतो आणि अमिदा बुद्धाची सुखावती, म्हणजे त्याचं स्वर्गासारखं जग, तेही पश्चिमेलाच, म्हणून हा मुहूर्त. आणि नेमकं त्याच आठवड्यात हे फूल उमलतं! मग मरणाशी नाव जोडलं जाणारच ना.

त्यात ते उगवतं पण कसलं विचित्र. काल काही नसलेल्या जमिनीतून एक उघडाबोडका दांडा वर येतो, पान एकही नाही, टोकाला पाच-सात फुलांचं कडं, पाकळ्या मागे वळलेल्या आणि तंतू बाहेर फेकलेले. फुलं गेली की मग पानं येतात, ती हिवाळाभर राहतात आणि उन्हाळ्याआधी वाळून जातात, म्हणजे एकाच कंदाची पानं आणि फुलं एकमेकांना कधी भेटतच नाहीत. कायमच्या ताटातुटीचं प्रतीक म्हणून अ‍ॅनिमेवाल्यांना याहून आयतं काय मिळणार.

पण मला विचाराल तर खरी गोष्ट शेताच्या बांधावर आहे. याच्या कंदात लायकोरिन नावाचं विष असतं, खाल्लं की उलट्या-जुलाब. म्हणून भातखाचरांच्या बांधांवर लोकांनी हे मुद्दाम लावलं, उंदीर-बिंदीर बांध पोखरू नयेत म्हणून, आणि पूर्वी प्रेतं पुरायचे तेव्हा जनावरांनी उकरू नये म्हणून थडग्यांभोवतीही. जपानमधल्या या झाडाला बी धरत नाही (गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे), ते कंदानेच पसरतं, त्यामुळे जिथे रांगा दिसतात तिथे बहुतेक कोणाच्या तरी हातानेच लागलेलं असतं. मेलेल्याचं फूल, भुताचं फूल, नरकाचं फूल अशी नावं आहेत, घरी आणलं तर घराला आग लागते असंही म्हणतात. माझ्या मते पोरांनी विषारी झाडाला हात लावू नये म्हणून मोठ्यांनी ही भीती चांगलीच जागती ठेवली असणार. गंमत म्हणजे याचंच दुसरं नाव मंजुशागे, ते बौद्ध सूत्रांमधल्या मंजूषक या स्वर्गातून बरसणाऱ्या फुलावरून आलंय. म्हणजे फूल एकच, नावं नरकाचीही आणि स्वर्गाचीही.

आता चित्राचं. घाबरतात म्हणण्यापेक्षा जपून असतात म्हणा, त्यातही वयस्कर मंडळी जास्त. आजारी माणसाला किंवा लग्नाला हे फूल कोणी नेणार नाही. पण लहान मुलीने हौसेने काढलेलं चित्र बघून बहुतेक मॅडम हसतीलच, फक्त त्यांच्या घरी नुकतंच कोणी गेलं असेल किंवा कोणी आजारी असेल तर थांबा.

प्रश्न: एवढं विषारी तर दुष्काळात हे खायचे असं ऐकलंय, खरं का?

उत्तर: हो खरंय. कंद कुटून, पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन विष काढायचे आणि खाली राहिलेला स्टार्च खायचे, पोटात दुसरं काही नसेल तेव्हाच. प्लीज घरी प्रयोग नको.

प्रश्न: सप्टेंबरअखेर टोकियोला जातोय, कुठे बघायला मिळेल?

उत्तर: टोकियोशेजारच्या साइतामा प्रांतातल्या हिदाका शहरात किंचाकुदा म्हणून जागा आहे, नदीच्या वळणात साधारण ५० लाख फुलं, आणि अपशकुन वगैरे विसरून माणसांची ही गर्दी! सेइबू लाइनने कोमा स्टेशनला उतरा, पुढे चालत जाता येतं. बहर त्या वर्षीच्या हवेप्रमाणे पुढेमागे होतो, तेव्हा निघायच्या आधी चेक करा, आणि शक्यतो वीकेंड टाळा.