निवृत्तीनंतर घरचा जमाखर्च दरमहा कसा लिहावा? वही बरी की ॲप?

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांनी, ५८ पूर्ण झाल्यावर, जिल्हा परिषदेतून निवृत्त होताय. जुनी पेन्शन आहे, साताऱ्यात स्वतःचं घर आहे, मुलं पुण्यात आहेत आणि आजवर हिशेब असा कधी लिहिला नाही. मी सांगलीला विश्रामबागेत राहते. अनुदानित शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, यजमान साखर कारखान्यात होते. घरचा हिशेब आम्ही दोघं मिळून लिहितो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

वही की ॲप, याला मी फार महत्त्व देत नाही. रोज हाताशी राहील ते घ्या. त्याआधी एक गोष्ट ठरवा: लिहायचं महिन्याला, पण बघायचं वर्षाकडे. नोकरीत पगार एक तारखेला, हप्ते पाच तारखेला, त्यामुळे महिन्याचा ताळमेळ महिन्यात लागायचा. निवृत्तीनंतर पैसा तसा येत नाही आणि जातही नाही. नुसता एकेक महिना बघितला तर एका महिन्यात वाटतं भरपूर आहे आणि पुढच्याच महिन्यात धडकी भरते.

आधी जमेची बाजू. तुम्ही पेन्शन विकणार असाल, म्हणजे तिच्या काही भागाच्या बदल्यात एकरकमी पैसे घेणार असाल, तर पहिल्या महिन्यापासूनचा आकडा नीट समजून घ्या. समजा मूळ पेन्शन ३०,००० बसली आणि ४० टक्के विकली, तर १२,००० वजा होऊन मूळ १८,००० हातात येईल. महागाई भत्ता मात्र पूर्ण ३०,००० वर मिळतो. विकलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो. महागाई भत्ता जानेवारी आणि जुलैपासून वाढतो, पण राज्याचा आदेश मागाहून निघतो आणि फरक एकरकमी जमा होतो. त्या फरकाला महिन्याच्या जमेत धरू नका. आमच्या वहीत तो वेगळ्या पानावर जातो आणि तिथून दुरुस्ती, दात, चष्मा असले खर्च होतात.

दुसरं, व्याज. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज तिमाहीला मिळतं: एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या सुरुवातीला. दर ८.२ टक्के धरला तर १५ लाखांवर तिमाहीला ३०,७५० येतात. ते खात्यात आले की त्या महिन्यात घर एकदम श्रीमंत दिसतं. आम्ही त्याचे तीन भाग करून महिन्याला १०,२५० असेच लिहितो. पोस्टाची मासिक योजना या बाबतीत सोपी. तिथे दर ७.४ टक्के धरला तर ९ लाखांवर दरमहा ५,५५० येतात.

इथे तुमच्यासाठी महत्त्वाचं: ५८ व्या वर्षी तुम्ही अजून ज्येष्ठ नागरिक नाही. ५५ ते ६० मध्ये निवृत्त झालेल्यांना त्या योजनेत पैसे ठेवता येतात, पण निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, आणि त्या पैशांइतकेच. पूर्वी ही मुदत एक महिना होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये ती वाढली. व्याजातून टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा आयकर, कापू नये म्हणून फॉर्म द्यावा लागतो; त्याच्या अटीही साठीआधी आणि साठीनंतर वेगळ्या. टीडीएस कापला गेला तर तो वहीत जमेच्या शेजारी लिहून ठेवा, रिटर्न भरताना शोधाशोध होत नाही.

आणि ठेव मुदत संपून खात्यात आली की ती जमा समजायची नाही. तो आपलाच पैसा इकडून तिकडे आला. जमा फक्त त्यावरचं व्याज. मुद्दल आणि व्याज एकाच रकान्यात गेलं की वर्षअखेरीला आपण किती कमावलं आणि किती मोडून खाल्लं हे कळायची सोयच उरत नाही. निवृत्त माणसाच्या वहीत मला सगळ्यात मोलाचा आकडा हाच वाटतो: या वर्षी मुद्दलाला हात लागला का, आणि कशासाठी?

आता खर्च. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे वर्षाचं भरायचे दिवस. शाळू, गहू, तांदूळ, तूरडाळ, आमच्या भागातली हळद, तुमच्याकडे कोरेगावचा वाघ्या घेवडा. मग चटणीचं: ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची आणायची, देठं खुडायची, उन्हात घालायची, मसाला भाजून कांडपाला न्यायचं. हे सगळं दोन-तीन आठवड्यांत होतं आणि त्याच सुमाराला लग्नसराईचे आहेर येतात. त्या महिन्याचं पान बघून कुणालाही वाटेल, हे घर उधळं आहे. तसं काही नसतं, बारा महिन्यांचं जेवण एका पानावर आलेलं असतं. तसंच आरोग्य विम्याचा हप्ता, घरपट्टी, पाणीपट्टी, गाडीचा विमा, दिवाळी.

यासाठी आम्ही वहीच्या पहिल्या पानावर वर्षातून एकदाच येणारे खर्च महिन्यासह लिहितो, बेरीज करतो आणि १२ ने भागतो. ९६,००० आली तर महिन्याला ८,०००. तेवढी रक्कम पेन्शन जमा झाली की दुसऱ्या बचत खात्यात परस्पर जाईल अशी सूचना बँकेत देऊन ठेवा. हप्त्याची तारीख आली की त्या खात्यातून भरायचं. बाकी काही केलं नाही आणि एवढंच केलं तरी निम्मी काळजी मिटते.

रोजचं लिहिताना प्रत्येक रुपयामागे लागू नका, महिन्याभरात कंटाळाल. किराणा, दूध-भाजी, लाइट-गॅस-फोन, औषधं, येणं-जाणं, मुलं-नातवंडं, देणं-घेणं, एवढे रकाने पुरेत. मंडईसाठी आठवड्याला ठरावीक रोख काढायची आणि ती एका ओळीत लिहायची. फोनवरून भरलेले पैसे मात्र रात्री जेवणानंतर बघून उतरवायचे, कारण चाळीस-पन्नास रुपयांचे असे व्यवहार आठवणीत राहत नाहीत. रोख थोडी घरात असू द्या. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. अशा दिवसांत लाइट नसते आणि फोनवरचा पैसा उपयोगी पडत नाही.

औषधांचा रकाना वेगळा ठेवाच. रोजच्या गोळ्या हा बांधलेला खर्च, पण तपासण्या, मिरजेला डॉक्टरकडे जाणं, हे सगळं त्यातच लिहा. दोन वर्षांची पानं शेजारी ठेवली की कळतं, पेन्शन किती वाढली आणि हा रकाना किती. आमच्याकडे हा रकाना पेन्शनपेक्षा वेगाने वाढतो, म्हणून यजमानांची पीएफची पेन्शन, ती तुटपुंजी असली तरी, आम्ही पूर्ण याच खात्याला लावली आहे.

मुला-नातवंडांना दिलेलं लिहायला लोकांना जड जातं. प्रेमाने दिलेलं मोजायचं कशाला, असं म्हणतात. मला उलट वाटतं. लिहिलं असलं की मोकळ्या मनाने देता येतं, कारण आपल्याला झेपतंय हे ठाऊक असतं.

वही दोघांनी लिहायची, ही माझी कळकळीची विनंती. तुमच्या पत्नीने आजवर बँकेचे व्यवहार केले नसतील तर महिन्यातून एकदा पासबुक भरायला त्यांना बरोबर न्या. कुठली ठेव कुठे, वारस कोण, पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) त्यांचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, नोव्हेंबरात हयातीचा दाखला कुठे द्यायचा, हे वहीच्या शेवटच्या पानावर त्यांच्याच अक्षरात असू दे. कुटुंब निवृत्तिवेतनाची वेळ आली तर कागद शोधण्यात त्यांचे महिने जायला नकोत.

तुमच्याकडे अजून दोन महिने आहेत, तर पगाराच्या शेवटच्या तीन स्लिपा काढा. पतसंस्थेचा हप्ता, एलआयसीचा हप्ता, गटविमा, जे जे पगारातून परस्पर कापलं जातं त्यावर खूण करा. यातलं काय निवृत्तीबरोबर संपतं आणि काय पुढेही भरायचं राहतं हे पतसंस्थेत आणि एलआयसीच्या शाखेत जाऊन विचारा. पगारातून जाणारा विम्याचा हप्ता निवृत्तीनंतर कुणी आपोआप भरत नाही, आणि पॉलिसी बंद पडल्याचं लक्षात यायला बराच काळ जातो. ती यादी झाली की तुमच्या वहीचं पहिलं पान जवळजवळ तयार झालं.