माकडांमागं फिरून पोट भरतं का? विजापूर रोडच्या एका बाबांना उत्तर

नमस्कार दादा,

तुमचं पत्र मिळालं. इतर पालकांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. सोलापुरात विजापूर रोडला तुमचं किराणा दुकान आहे, लेक बारावी सायन्सला, पीसीबी, गणित सोडलंय. श्रावणात तुम्ही सगळे येडशीच्या रामलिंगला गेला होता, दर्शन झालं, प्रसाद झाला, आणि लेक तीन तास पायऱ्यांवर माकडं बघत बसली, जेवायलाही उठली नाही. आता म्हणते मेडिकलची नीट परीक्षा देणार नाही, मला माकडांवर रिसर्च करायचाय. तुम्ही विचारलंय, "मॅडम, माकडांमागं फिरून पोट भरतं का, आणि सोलापुरात राहून हे होतं का?"

उत्तर देतेच, पण त्याच्या आधी एक गोष्ट. तुमच्या लेकीला माकडं आवडतात हे कळलं. माकडं बघायचं काम तिला आवडतं का, हे अजून तिलाही माहीत नाही, तुम्हालाही नाही, मलाही नाही. आणि ते कळायला एक रुपया फी लागत नाही ओ, एक वही लागते.

हे काम नक्की असतं कसं ते आपल्या जवळच्याच उदाहरणावरून सांगते. धारवाड माहितीये ना, विजापूरच्या पुढं. तिथं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा नावाचे जपानी शास्त्रज्ञ वानरांच्या टोळ्यांमागं फिरत होते, वानर म्हंजे काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं. त्यांनी काय पाहिलं, तर बाहेरून आलेल्या हुप्प्यानं (म्हंजे मोठ्या नर वानरानं) टोळीतल्या जुन्या हुप्प्याला हाकलून दिलं आणि त्यानंतर टोळीतली अंगावर पिणारी पिल्लं मारली गेली. लोकांचा विश्वासच बसेना. गर्दीमुळं झालं असेल, माणसांच्या त्रासानं जनावर बिघडलं असेल असं बरेच जण म्हणाले. मग १९७० च्या दशकात सारा ब्लॅफर हर्डी ही अमेरिकन बाई राजस्थानात माउंट अबूला आली, तिनं तिथल्या वानरांवर काम केलं आणि वेगळंच मांडलं, की पिल्लू पितंय तोवर त्याची आई पुन्हा माजावर येत नाही, पिल्लू गेलं की लवकर येते, आणि नवीन हुप्प्या टोळीत किती दिवस टिकेल याचा भरवसा नसतो, म्हणून तेवढ्या वेळात त्याची स्वतःची पिल्लं व्हावीत यासाठी हे घडतं, तो वेडेपणा नाही. यावर वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी १९९९ मध्ये नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांची विष्ठा गोळा करून त्यातला डीएनए तपासला त्याचे निकाल आले, तर पिल्लांवर हल्ला करणाऱ्या नरांत त्या पिल्लांचा बाप कुणीच नव्हता, म्हंजे हर्डीच्या म्हणण्याला आधार मिळाला.

एवढं सगळं सांगितलं कारण बघा, एका प्रश्नाला तीस-पस्तीस वर्षं गेली. उन्हात बसून टिपणं काढणारी माणसं लागली, गणित करणारी लागली, आणि लेंड्या उचलून डबीत भरणारीही लागली. चॅनलवर दिसतं ते ह्यातलं दोन मिनिटांचं असतं. तुमच्या लेकीला हे वाचून अजून हुरूप आला तर मला फार आनंद होईल, आणि नाही आला तर तेही वाईट नाही, बारावीतच कळलं एवढंच.

आता वही. बाळ, हे तुझ्यासाठी. आपली नजर कायम जास्त दंगा करणाऱ्याकडं जाते, त्यामुळं आपल्याला वाटतं टोळीत नुसती भांडणंच चालतात. ह्यावर १९७४ मध्ये जीन ऑल्टमन या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी जी शिस्त नीट मांडून दिली ती आजही जगभर वापरतात. एक जनावर आधीच ठरवायचं, घड्याळ लावायचं, दहा मिनिटं फक्त तेच बघायचं, बाजूला कितीही दंगा होऊ दे. मी एका सकाळी स्वतः करून बघितलं तेव्हा असं उतरलं होतं: "८:१० माकडीण, पोटाला पिल्लू, बसलेली. ८:१२ दुसरी माकडीण आली, पहिलीचे केस निवडायला लागली. ८:१६ थांबली, पाठ फिरवून बसली. ८:१७ पहिली उठून गेली." बास, एवढंच. पण आता विचार कर, दुसरीनं चार मिनिटं केस निवडले, पहिलीनं परत का नाही निवडले? कुणी कुणाचे निवडायचे हे टोळीत कोण ठरवतं? मकाक म्हणतात त्या जातींच्या (टोपी माकड, ऱ्हिसस त्यातलीच) माकडिणींत आईचा मान लेकीला मिळतो, मग ही दुसरी कमी मानाच्या घरची असेल का? एका दिवसात कळणार नाही, वीस रविवारांत थोडं थोडं दिसायला लागेल. "रागावली", "लाजली" असलं लिहू नको, दात दाखवले, मान वळवली असं जे दिसलं तेच लिही.

आणि पहिल्याच पानावर जात कुठली ते लिही, बऱ्याच जणांचं इथंच चुकतं. काळं तोंड, राखाडी अंग, पानं ओरबाडून खाणारं ते वानर, त्याच्या पोटात पानं पचवायला कप्पे असतात. डोक्यावर केसांची टोपी असल्यासारखी, लांब शेपटी, आणि भाविकांनी टाकलेल्या शेंगा-फुटाणे गालात फुगेपर्यंत कोंबून बाजूला जाऊन निवांत खाणारं ते टोपी माकड, त्याला गालात पिशव्या असतात, वानराला नसतात. उत्तरेकडचं लाल तोंडाचं ऱ्हिसस वेगळं, त्याची शेपटी आखूड आणि पाठीमागचा भाग तांबूस. पूर्वी पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी ही ऱ्हिसस आणि टोपी माकडाची सीमा मानायचे, आता ऱ्हिसस दक्षिणेकडं सरकतंय आणि टोपी माकडाची जागा घेतंय. म्हंजे आपल्या भागात कुठल्या गावात कुठलं माकड दिसतं ही फोटोसकट नुसती नोंदसुद्धा कामाची आहे, आयनॅचरलिस्ट ह्या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकता येते. अभ्यासाला आफ्रिकेतच जावं लागतं असं नाही गं.

आता दादा, शिक्षणाचं. गणित सोडलंय म्हणून घाबरू नका, पण सोडून चालणारही नाही. आयसर पुणे ह्या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेत पाच वर्षांचा बीएस-एमएस कोर्स आहे, त्याच्या आयएटी ह्या प्रवेश परीक्षेत बायो, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स चारही विषय येतात, तयारी होत असेल तर जरूर द्या. नाही जमलं तर सोलापुरातच वालचंद किंवा संगमेश्वरला बीएस्सी करा, झूलॉजी घ्या, सोबत स्टॅटिस्टिक्स मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. ह्या क्षेत्राचा खरा दरवाजा बीएस्सीनंतर उघडतो, म्हणून ही तीन वर्षं घरी राहून काढली तर काही बिघडत नाही, पैसेही वाचतात. त्यानंतर देहरादूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट, बंगळुरूचं एनसीबीएस हे जीवशास्त्राचं संशोधन केंद्र (तिथं वाइल्डलाइफच्या एमएस्सीची बॅच साधारण एक वर्षाआड निघते, तारखेवर लक्ष ठेवावं लागतं), पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण संस्था. आणखी एक वाट लोकांच्या लक्षात येत नाही, मानवशास्त्र म्हंजे अँथ्रोपॉलॉजी, त्यातही माकडांचा अभ्यास असतो आणि पुणे विद्यापीठात तो विभाग आहे. सोबत संगणकावर आकडेवारीसाठीचं आर नावाचं फुकट सॉफ्टवेअर शिकायला लावा. वह्या भरणारे पुष्कळ असतात, त्यातून निष्कर्ष काढणारे कमी पडतात.

पैशाचं खरं सांगते. एमएस्सीनंतर नेट-जेआरएफ (परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती) निघाली तर महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं, पीएचडी त्यावर होते. नाही निघाली तर प्रोजेक्टवरच्या नोकऱ्या असतात, वर्षा-दोन वर्षांच्या, पगार कमी, संपली की पुढची शोधायची. पर्मनंट जागा थोड्या आहेत. प्राध्यापकी, झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया, संस्था, किंवा यूपीएससी-एमपीएससीतून वनसेवा, झूलॉजीवाल्यांना ती वाट खुली असते. पोट भरतं, पण तिशीपर्यंत स्थिर व्हायची घाई करू नका, नातेवाईक विचारतील तेव्हा तुम्हालाच तिच्या पाठीशी उभं राहावं लागेल. काम मात्र वाढतंय, कोकणात वानर-माकडांनी बागायतदार मेटाकुटीला आलेत, शहरांत माणूस आणि माकड यांचं रोजचं भांडण आहे, तिथं जनावर समजणारा माणूसच लागतो.

पोरीला जंगलात पाठवायची भीती तुम्ही लिहिली नाही, पण ओळींमधून दिसली. ती भीती खोटी नाही. कुठंही जाण्याआधी राहायची सोय काय, सोबत कोण, जवळ दवाखाना किती लांब, संस्थेत तक्रार समिती आहे का, हे फोन करून विचारा, आणि जिथं असं विचारलेलं आवडत नाही तिथं पाठवू नका.

आत्ता नीटची परीक्षा देऊ नको असंही मी म्हणत नाही, फॉर्म भरू दे, अभ्यास तर तोच आहे. फक्त दर रविवारी एक सकाळ तिला द्या. एकदा तुम्ही स्वतः सोबत जा, दुकान दुपारी उघडलं तरी चालेल. उन्हाळ्यात सात ते नऊच बसायचं. माकडांना काही खायला घालायचं नाही, दहा-पंधरा पावलं लांब बसायचं, डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही. चावलं किंवा ओरखडलं तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि लगेच रेबीजच्या इंजेक्शनसाठी सिव्हिलला जायचं, उद्या बघू म्हणायचं नाही. डबा गाडीतच ठेवा, हातात पिशवी दिसली की ती थेट अंगावर येतात. आणि पहिल्या चार रविवारांची पानं झाली की फोटो काढून मला पाठवा, मी वाट बघतेय.