पोकेमॉन विकसित न करता संपूर्ण खेळ पूर्ण करता येतो का?

होय, येतो, आणि आव्हान वाढवण्याचा हा मला सर्वांत समाधानकारक वाटणारा मार्ग आहे. विकास, म्हणजे पोकेमॉनचे पुढच्या रूपात बदलणे, सुरू होताच 'बी' बटण दाबल्यास तो थांबतो. पोकेमॉनला एव्हरस्टोन ही विकास रोखणारी वस्तू दिल्यानेही तेच साधते, परंतु पोकेमॉनला एकच वस्तू जवळ बाळगता येत असल्यामुळे ती जागा इव्हिओलाइटसाठी मोकळी ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरते. 'ब्लॅक' आणि 'व्हाइट' (२०१०) या खेळांत प्रथम आलेली ही वस्तू पूर्ण विकसित न झालेल्या पोकेमॉनचा बचाव आणि विशेष बचाव ५० टक्क्यांनी वाढवते. म्हणूनच ती बाळगणारी चॅन्सी ही पोकेमॉन आपल्या विकसित रूपापेक्षा, म्हणजे ब्लिसीपेक्षाही, अधिक मारा सोसते. वेग आणि हल्ल्याची ताकद मात्र तोकडीच राहते, त्यामुळे प्रत्येक जिमप्रमुखापुढे, म्हणजे खेळात पुढे जाण्यासाठी हरवाव्या लागणाऱ्या मोठ्या प्रतिस्पर्ध्यापुढे, उतरण्याआधी डावपेच नीट आखावे लागतात.